परराज्यातील शिक्षकाची नोकरी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस या व्यासपीठावर बोलण्याविषयी लिहिले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्याकडेच सोपविली होती. ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात पूर्वजांच्या थोरवीवर बोलावे असा प्रघात आहे, आणि त्यात वक्ता व श्रोते या दोघांसही श्रम कमी पडतात. परंतु अलीकडे आमच्या घरी जी ज्ञातिबांधव मंडळी येतात, ती पूर्वजांविषयी विचारावयास येत नाहीत. मुलगी बी.एड. होऊन चार वर्षे झाली, मुलगा डी.एड. होऊन सहा वर्षे झाली, आता पुढे काय करावे, हे विचारावयास येतात. म्हणून याच प्रश्नाच्या एका अंगाविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या राज्यात जागा निघत नसताना परराज्यात शिक्षकाची नोकरी शोधावी काय, आणि शोधावयाची तर काय पाहून शोधावी, हा तो विषय होय.

आपल्या समाजात शिक्षकाच्या नोकरीस जे स्थान आहे, त्याचे कारण उघड आहे. ज्यांच्याजवळ भांडवल नव्हते आणि जमीन होती ती वाटणीत तुकडे होऊन उरली, त्यांना शाळेची नोकरी हाच स्थैर्याचा पहिला दगड मिळाला. मागच्या पिढीत घरात एक मास्तर झाला की, भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावाकडच्या घरावर कौले चढली. त्या पुण्याईवर विसंबून आपण पुढच्या पिढीलाही त्याच वाटेने धाडले. वाट तीच राहिली. परंतु दरवाजा अरुंद झाला, हे आपण उशिरा पाहिले.

तो कसा अरुंद झाला, हे थोडक्यात सांगतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर विशेष पटपडताळणी झाली आणि अनेक ठिकाणी कागदावरील विद्यार्थी वर्गात आढळले नाहीत. पाठोपाठ २ मे २०१२ रोजी शासनाने नव्या शिक्षकभरतीस मनाई केली; अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन आधी, नवी नेमणूक नंतर, असे धोरण ठरले. ही मनाई काही महिन्यांची असेल असे त्या वेळी सर्वांस वाटले. प्रत्यक्षात २०१७ साली पवित्र संकेतस्थळामार्फत भरती करण्याचे ठरले, त्या वर्षाच्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, आणि दुसरी चाचणी होण्यास २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात साथ आली. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने विकासखर्च एक तृतीयांशावर आणून बहुतेक खात्यांतील नवी भरती थांबविली. ज्या मुलाने २०११ साली पदविका घेतली, त्याने अशा रीतीने आपल्या तारुण्याची उत्तम वर्षे 'जाहिरात केव्हा निघणार' या एका प्रश्नात घालविली. निवड झाली तरी प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ते मानधन दीर्घकाळ प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ व उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. २०२३ साली ते सोळा, अठरा व वीस हजार झाले. त्याच वर्षी जुलैत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजारांच्या मानधनावर घेण्याचा आदेश निघाला. निवृत्तांनी शिकवू नये असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही त्यांतीलच आहो. परंतु जागा रिकामी आहे, शिकविणाऱ्याची गरजही आहे, आणि तरुण प्रशिक्षित शिक्षक मात्र दाराबाहेर उभा आहे, यास काटकसर म्हणावे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राहिल्या खासगी शाळा. २००१ सालापासून 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर शाळा निघाल्या. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द वगळला गेला. शब्द गेला, परंतु पगार लगेच आला नाही. अशा शाळांत आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर दहा-दहा वर्षे नाममात्र पैशांत शिकविणारी मंडळी आपणांपैकी अनेकांच्या घरांत आहेत. आणि याच ठिकाणी आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. जागेसाठी 'डोनेशन' म्हणून लाखो रुपये मागितले जातात, आणि ते देण्यासाठी शेत विकले जाते, पत्नीचे दागिने मोडले जातात, सोयऱ्यांकडून हातउसने घेतले जातात. असे व्यवहार जुळवून देणारे मध्यस्थ ज्ञातीबाहेरचेच असतात असेही नाही. पैसे घेतल्याची पावती नसते, जागेला मान्यता मिळेल याची हमी नसते, आणि संच मान्यतेत पद गेले म्हणजे शेतही जाते व नोकरीही जाते. त्या मार्गाने जाण्यापूर्वी परराज्याचा मार्ग एकदा नीट तपासून पाहावा, एवढीच आमची प्रथम विनंती आहे.

परप्रांती जाऊन शिकविणे ही मराठी माणसास नवी गोष्ट नव्हे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरास. ताराबाई मोडक मुंबईच्या पदवीधर; त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात गेल्या, तेथून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम त्यांनी केले, आणि नंतर बोर्डी-कोसबाडचे त्यांचे कार्य उभे राहिले. त्या काळी एका मराठी स्त्रीने सौराष्ट्रात जाऊन नोकरी करावी, याविषयी घरोघर काय बोलले गेले असेल याची कल्पना आजच्या मुलींच्या पालकांनी करावी. काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मले. गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, आणि गुजराती भाषा अशी आपलीशी केली की १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो गुजराती ग्रंथासाठी. ही मोठी माणसे होती हे खरे. परंतु ती गेली तेव्हा मोठी नव्हती.

आता कायद्याकडे वळू. कारण परराज्याचे नाव काढले की पहिला प्रश्न 'आपल्याला तिथे घेतील का' हाच येतो. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे केवळ जन्मस्थान वा निवास यावरून कोणाही नागरिकास सरकारी नोकरी नाकारता येत नाही. निवासाची अट घालण्याचा अधिकार असलाच तर तो संसदेस आहे, राज्य विधिमंडळास नाही. राजस्थानात जिल्हा परिषदांच्या शिक्षकभरतीत स्थानिक जिल्ह्यातील व ग्रामीण भागातील उमेदवारांना जादा गुण देण्यात येत असत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. म्हणजे तत्त्वतः दार उघडे आहे.

परंतु तत्त्वाचे दार उघडे असले तरी उंबरे पुष्कळ आहेत. तेलंगणात २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये बहुतेक पदांवर ९५ टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत, आणि त्यास घटनेतील स्वतंत्र अनुच्छेदाचा आधार आहे. कर्नाटकातील बीदर, कलबुर्गी इत्यादी जिल्ह्यांसाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने तशीच तरतूद झाली. गोव्यात सरकारी नोकरीस पंधरा वर्षांचा रहिवास व कोकणीचे ज्ञान लागते. तेव्हा गोव्यात मराठी शाळा आहेत एवढ्यावर भिस्त ठेवून कोणी अर्ज करू नये. बिहारची हकिगत तर अधिक बोधप्रद आहे. तेथे २०२३ च्या जूनमध्ये शिक्षकभरतीतील रहिवासाची अट काढण्यात आली आणि लाखाहून अधिक जागांसाठी देशभरातून अर्ज गेले. अनेक परराज्यवासीयांस नेमणुका मिळाल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच सरकारने येत्या भरतीपासून स्थानिकांस प्राधान्य देण्याचे जाहीर केले. दार दोन वर्षे उघडे होते. ज्यांचे कागद तयार होते ते आत गेले. परराज्यातील संधी अशीच असते. ती पंचांग पाहून येत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय मुख्यतः निवडला, तो सांगतो. आपण ज्ञातिसंस्था म्हणून मुलांना जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात नसल्याचा दाखला मिळवून देण्यात पुष्कळ साहाय्य करतो; मंडळाच्या कार्यालयात जून महिन्यात जी गर्दी असते ती याच कामाची असते. त्यामुळे मुलांच्या मनात असे बसते की, हा दाखला म्हणजे देशभर चालणारे नाणे होय. तसे नाही. पदवी सीमा ओलांडून बरोबर येते. जातीची सवलत येत नाही. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणला गेलेला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात वाढला आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने राखीव जागा मागितली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एखादी जात वा जमात अनुसूचित ठरते ती त्या त्या राज्याच्या संदर्भात; दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो हक्क सांगता येत नाही. २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व पुन्हा दृढ केले. इतर मागासवर्गीयांच्या बाबतीतही राज्ये आपापल्या याद्या लावतात. तात्पर्य, परराज्याच्या भरतीत आपला मुलगा खुल्या प्रवर्गातील उमेदवार असतो. शुल्कात सूट नाही, वयात सूट नाही, गुणांत सूट नाही.

यातील शेवटची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. शिक्षक पात्रता परीक्षेत उत्तीर्ण होण्यास खुल्या प्रवर्गास साठ टक्के, म्हणजे दीडशेपैकी नव्वद गुण लागतात. राखीव प्रवर्गास त्यात सवलत मिळते. ब्याऐंशी गुणांवर उत्तीर्ण झालेला उमेदवार आपल्या राज्यात पात्र असतो. परराज्यात गेल्यावर ती सवलतच उरत नसल्याने त्याची पात्रताच प्रश्नांकित होते. बिहारमध्ये २०२४ साली परराज्यांतून आलेल्या काही शिक्षकांच्या नेमणुका याच कारणाने अडचणीत आल्या. नोकरी मिळाली, गावी पेढे वाटले गेले, बिऱ्हाड हलविले गेले, आणि मग कागद तपासताना आठ गुणांचा हिशेब निघाला! म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, ज्यास बाहेर जावयाचे आहे त्याने सवलतीच्या गुणांवर समाधान मानू नये. नव्वदीची रेघ ओलांडेपर्यंत पुन्हा परीक्षेस बसावे. हे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षे चालत असे. २०२१ पासून ते आजन्म ग्राह्य झाले आहे, तेव्हा केलेला श्रम फुकट जात नाही.

केंद्र शासनाच्या शाळांची गोष्ट निराळी. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळा यांच्या भरतीत केंद्राचे आरक्षण चालते आणि ते देशभर चालते. मात्र तेथे केंद्राची यादी लागते, राज्याची नव्हे. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे जे वर्ग आहेत, ते त्या नावांनी केंद्रात नाहीत. जातीची नोंद केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत असेल तरच, आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला असेल तरच, लाभ मिळतो. जातीच्या नावाचे लेखन यादीत जसे आहे तसेच दाखल्यावर असले पाहिजे. एका अनुस्वारासाठी किंवा पोटजातीच्या एका शब्दासाठी अर्ज अडलेला आम्ही पाहिला आहे. मुलींच्या बाबतीत दाखला माहेरच्या नावाचा आणि बाकीचे कागद सासरच्या नावाचे, हा घोटाळा तर नित्याचा. विवाहनोंदणीचा दाखला व नावबदलाचे राजपत्र ही दोन्ही वेळीच करून ठेवावीत.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने १३,४०४ पदांची जाहिरात काढली होती, आणि पुढच्या वर्षी एकलव्य शाळांसाठी दहा हजारांवर पदे निघाली. आपल्याकडे ज्या काळात एका तालुक्यातील दोन जागांसाठी मंत्रालयापर्यंत खेटे घातले जात होते, त्याच काळातील हे आकडे आहेत. आमच्या परिचयातील किती मुलांनी अर्ज केले असे विचारले, तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी नावे निघाली. कारण विचारता, 'कुठे लांब टाकतील' हे उत्तर मिळाले. लांब टाकतील हे खरेच आहे. या नोकऱ्यांत देशात कोठेही जाण्याची तयारी लागते. नवोदय व एकलव्य शाळा निवासी असल्याने शिक्षकास तास संपल्यावर घरी जाता येत नाही. वसतिगृहाची देखरेख, आजारी मुलांची रात्र, जेवणाची पंगत, हे सारे कामाचाच भाग असते. ज्याला मुले आवडत नाहीत, केवळ वेतनश्रेणी आवडते, त्याने तिकडे जाऊ नये. मराठी विषय घेतलेल्यांसाठी येथे एक वाट आहे, ती सहसा कोणास ठाऊक नसते. नवोदयमध्ये नववीची काही मुले एका भाषिक प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशातील विद्यालयात वर्षभर पाठविली जातात, आणि त्यामुळे तृतीय भाषेच्या शिक्षकांत मराठीच्याही जागा असतात. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीस 'तुझ्या विषयाला बाहेर कोण विचारतो' असे म्हणणाऱ्या काकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शैक्षणिक अर्हतेविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य राहिली नाही. तेथे पदविकाच लागते. तेव्हा डी.एड. ही हलकी, बी.एड. ही भारी, हा आपल्या घरांतील समज सोडून द्यावा. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांनी नेट आणि सेट यांतील भेद जाणावा. आपल्याकडची सेट परीक्षा महाराष्ट्र व गोवा यांपुरती चालते, नेट सर्व देशात चालते. राज्यांच्या पात्रता परीक्षांचेही तसेच आहे. केंद्राची पात्रता परीक्षा केंद्राच्या शाळांत तर लागतेच, शिवाय काही राज्येही ती मान्य करतात. ज्याला बाहेर पडावयाचे आहे त्याने प्रथम ती उत्तीर्ण व्हावी.

नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे, हे पदनामावरून ओळखता येत नाही, किंबहुना पदनाम जितके गोड तितकी शंका अधिक घ्यावी. उत्तर प्रदेशात शिक्षामित्र म्हणून मानधनावर घेतलेल्या सुमारे १ लाख ३७ हजार जणांस सहायक शिक्षक म्हणून कायम केले गेले होते. २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि ती माणसे पुन्हा दरमहा दहा हजारांच्या मानधनावर आली. गुजरातेत २०२३ साली ज्ञानसहायक नेमले गेले ते अकरा महिन्यांच्या करारावर. पश्चिम बंगालमध्ये २०१६ च्या भरतीतील २५,७५३ शिक्षक व शिक्षकेतर नेमणुका ३ एप्रिल २०२५ रोजी एका निकालाने गेल्या; त्यांत ज्यांनी एक पैसाही दिला नव्हता असेही होते. म्हणून नेमणुकीच्या आदेशात चार गोष्टी पाहिल्याविना बिऱ्हाड बांधू नये: पद मंजूर आहे काय, वेतनश्रेणी लिहिली आहे काय, परिविक्षेचा काळ किती, आणि निवृत्तिवेतनाची कोणती योजना लागू आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील खाते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात तसेच चालू राहते, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. पुढे परत येण्याची संधी आली, तर अर्ज योग्य मार्गानेच, म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फतच करावा. रागाच्या भरात राजीनामा टाकून निघून येणाऱ्याची मागील सेवा धरली जात नाही.

राजीनाम्यावरून भाषेची गोष्ट आठवली. हिंदीत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद. आणि ज्या खात्यात आपण नोकरी करणार त्याचे नाव तिकडे 'शिक्षा विभाग'! मराठी मुलास प्रथम हसू येते, मग हळूहळू कळते की, आपण हिंदी म्हणून जे बोलतो ते चित्रपटाचे आहे, वर्गाचे नव्हे. आमच्या सेवेतील बरीच वर्षे हिंदी प्रदेशात गेली. तेथील पोरे मास्तरांच्या लिंगवचनाच्या चुका पाठीमागे पाठ म्हणून दाखवीत. परंतु मास्तर शिकू इच्छितो असे एकदा पाहिले की, तीच पोरे शब्द दुरुस्त करून देतात. जो दोन वर्षे होऊनही तेथील दुकानदाराशी मोडक्या इंग्रजीत बोलतो, त्याला गाव आपला म्हणत नाही. एकलव्य शाळांत उत्तरेकडून दक्षिणेत गेलेल्या कित्येक शिक्षकांस मुलांची भाषा येत नव्हती आणि मुलांस त्यांची. शिकविणार काय आणि कोणास? नोकरी मिळण्यास भाषा लागते ती गुणांपुरती. नोकरी करण्यास ती रोज लागते. जाण्यापूर्वीच तीन महिने ती लिपी व बोली शिकावी.

सर्वांनी जावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत आणि पाहणारे दुसरे कोणी नाही, त्याला जा म्हणणे हे निर्दयपणाचे आहे. ज्याचे वय चाळीशीकडे झुकले त्याला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा आडवी येते. त्याने शिकवणी, ग्रंथालय, बँक, लेखनिकाचे काम, जे सन्मानाने मिळेल ते पाहावे. परंतु पंचविशीतील मुलगा केवळ 'इथेच बरे' म्हणून दहा वर्षे बसून राहतो, त्याला घर सांभाळून घेते, आणि शेवटी शेत विकून जागा विकत घेते, हे कोणत्या हिशेबाने बरे, ते आम्हांस उमगत नाही.

आणि मुली. आपल्या समाजात आज बी.एड. झालेल्यांत मुलींची संख्या मोठी आहे, हे या सभागृहाकडे पाहूनही दिसते. तिला दूरच्या राज्यात निवड झाल्याचे पत्र आले, तर पहिला विचार होतो तो स्थळाचा. 'नोकरी तिकडे, मग मुलगा कसा मिळणार?' आमच्या ओळखीतील एका शिक्षिकेस ईशान्येकडील निवासी शाळेतून बोलावणे आले. वडिलांनी महिनाभर पत्र कपाटात ठेवले. शेवटी आजी म्हणाली, "मला लिहिता येत नव्हते म्हणून मी गाव सोडले नाही, हिला येते, हिला जाऊ द्या." ती गेली. शाळेच्या आवारातच निवास होता, सोबत केरळच्या व ओरिसाच्या शिक्षिका होत्या. पहिला पावसाळा फार कठीण गेला, असे ती सांगते. तिकडचा पाऊस आपल्याकडच्या पावसासारखा मधेच दम घेत नाही. पुढे तिचे लग्न झाले. वर त्याच संस्थेत नोकरीस होता, त्यामुळे पतिपत्नी एकत्रीकरणाच्या नियमाखाली दोघांची बदली एका गावी होऊ शकली. सर्वांच्या बाबतीत असेच घडेल असे आम्ही सांगत नाही. परंतु कपाटातल्या पत्राला मुदत असते, आणि ती मुलीच्या वयापेक्षा लवकर संपते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. सुरक्षिततेची चौकशी अवश्य करावी: निवास आवारात आहे काय, सहकारी स्त्रिया किती, रेल्वे स्थानक किती दूर, दवाखाना कोठे. चौकशी करून नकार दिला तर तो विचार झाला. चौकशीविना दिला तर ती केवळ भीती.

यात मंडळाने काय करावे? जातीच्या दाखल्याचे बळ सीमेवर थांबते असे आम्ही मघाशी म्हटले. ज्ञातीचे बळ मात्र थांबण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तेथे आपलेही लोक आहेत. परीक्षा देण्यास परगावी गेलेल्या मुलास दोन रात्री निवारा मिळणे, नव्याने रुजू झालेल्या मुलीस पहिले बिऱ्हाड पाहून देणे, ही कामे कोणतेही सरकार करीत नाही. त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. पत्त्यांची एक वही आणि ती चालविणारा एक मनुष्य लागतो. दुसरे असे की, मंडळाची शिष्यवृत्ती पदवी हाती येताच थांबते. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते: परीक्षेचे शुल्क, खुल्या प्रवर्गात ते पुरे भरावे लागते, प्रवासभाडे, कागदपत्रांच्या पडताळणीसाठी पुन्हा प्रवास, आणि पहिला पगार हाती पडेपर्यंतचे दोन-तीन महिने. यासाठी परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी रक्कम द्यावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेविली आहे. परतफेड होणार नाही अशी शंका एका सन्मान्य सभासदांनी काढली. शिक्षकाकडून पैसे बुडाल्याची उदाहरणे आपल्या खतावणीत फारशी सापडणार नाहीत, असे खजिनदारांनीच त्यांस सांगितले, तेव्हा आम्हांस उत्तर देण्याचे प्रयोजन उरले नाही.

तूर्त दोन वह्या कार्यालयात ठेविल्या आहेत. एकीत परराज्यांत राहणाऱ्या आपल्या आप्तांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, उतरवावयाचे आहेत. दुसरीत बाहेर जाण्यास तयार असलेल्या प्रशिक्षित मुलामुलींनी आपली अर्हता, पात्रता परीक्षेतील गुण, येणाऱ्या भाषा आणि दाखल्यांची स्थिती लिहावयाची आहे. गुण लिहिताना सवलतीचा विचार न करता प्रत्यक्ष पडलेले गुणच लिहावेत. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही स्वतः तेथे बसणार आहो. येताना मूळ प्रमाणपत्रे न आणता त्यांच्या प्रती आणाव्यात.